रोहूचं रक्त: नदीतलं आणि शेततळ्यातलं

नदीतल्या रोहूला खाणं शोधत फिरावं लागतं. तळ्यातल्याला कोंडा-पेंड आयती. म्हणून तळ्यातल्याच्या रक्तात कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड बहुधा जास्त. हिमोग्लोबिनचं मात्र पाण्यावर ठरतं. नायट्राइट (उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून पाण्यात येणारं विषारी द्रव्य) साचलं की तळ्यातल्या माशाचं रक्त चॉकलेटी दिसतं. तिथे पाण्यात मीठ घातल्याने फरक पडतो, कारण क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटचा शिरकाव रोखतं.

खरी गोची नमुन्यात आहे. जाळ्यात धडपडलेल्या माशाची प्लीहा आकसते, तांबड्या पेशी फुगतात. ग्लुकोज आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) दोन्ही चढतात. हा फरक नदीचा नव्हे, पकडण्याचा! दोन्हीकडे सारख्या वजनाचे मासे घ्या, सारखीच भूल द्या, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेल्या सिरिंजने शेपटीच्या शिरेतून रक्त काढा. माशाच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, माणसाच्या तांबड्या पेशींत नसतं, त्यामुळे माणसांसाठीचं यंत्र त्यांना पांढऱ्यांत धरतं. पेशी सूक्ष्मदर्शकाखालीच मोजा.