मोटरहोमचा हिवाळा : कॉम्प्रेसर, गुलाबी अँटीफ्रीझ आणि तो मेला बाहेरचा शॉवर

खरं तर गुलाबी अँटीफ्रीझला (थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून मोटरहोमच्या नळांत भरायचा द्रव) एक स्टार द्यायचा म्हणून लिहायला बसलो होतो. मध्येच मत फिरलं, पण आधी लिहिलेलं खोडत नाही. माझ्यासारखाच आणखी कुणीतरी असेल, त्याच्या उपयोगी पडेल.

गाडी म्हणजे चाकांवरचं घरच, २४ फुटी क्लास सी (मध्यम आकाराचं मोटरहोम), सेकंडहँड, गरम पाण्याची टाकी सहा गॅलनची. आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहतो. आमच्या सोसायटीला ड्राइव्हवेत एवढं धूड चालत नाही, त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल गाडी भाड्याच्या मोकळ्या पटांगणात उभी असते. तिथे ना वीज, ना हीटर. जानेवारीत एखाद्या रात्री पारा उणे पंधरा सेल्सिअसलाही जातो. अशा थंडीत नळांत राहिलेलं वाटीभर पाणीही नुकसान करायला पुरतं, कारण गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं आणि प्लास्टिकच्या वॉल्व्हला तेवढं फुगता येत नाही.

पहिल्या वर्षी सर्व्हिसवाल्याने पाणी काढून गाडी हिवाळ्यासाठी तयार (विंटराइझ) करायचे १८९ डॉलर सांगितले. नळातलं पाणी काढायला १८९? गॅरेजमध्ये टायरसाठी घेतलेला कॉम्प्रेसर पडून होताच. तो गाडीच्या पाण्याच्या जोडणीला लावायला सात डॉलरचा पितळी अॅडॅप्टर आणला, हवेचा दाब ४० पीएसआयवर ठेवला (यापुढे जाऊ नका, सांधे सुटू शकतात) आणि एकेक नळ उघडत गेलो. किचन, बेसिन, शॉवर, फ्लश. आधी गार पाण्याचा, मग गरम. फुर्रर्र करून पाणी उडायचं आणि नुसती हवा आली की पुढचा. हीटरचा अॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून बसवलेली सळई) काढून टाकी रिकामी केली. पाऊण तासात खेळ खलास. बायकोला ऐटीत सांगितलं, १८२ डॉलर वाचले.

एप्रिलअखेर पहिल्या ट्रिपला टाकी भरली, पंप चालू केला. सगळे नळ बंद असले की पाइपात दाब भरतो आणि पंप आपोआप थांबतो. हा थांबला. वीस सेकंदांनी परत घर्रर्र. थांबला. परत घर्रर्र. मला वाटलं पंप म्हातारा झाला. चक्क पंपाच्या किमती बघायला लागलो होतो! रात्री झोपलो तर पलंगाखालून तोच आवाज, ठरल्या वेळाने. सकाळी मागच्या कोपऱ्यात पाय ठेवला आणि फळी पावासारखी दबली.

बाहेरचा शॉवर. गाडीच्या मागच्या अंगाला हातभर उंचीवर एक चौकोनी झाकण असतं, आत दोन तोट्या आणि एक फुटकळ हँडशॉवर. ब्रोशरमध्ये एक मुलगा हसत हसत कुत्र्याचे पाय धुतोय. मी तो एकदाच वापरला होता, लडिंग्टनला लेक मिशिगनच्या काठावरची वाळू पायांवरून काढायला. हवा मारताना त्याची आठवणच झाली नाही. त्या तोट्यांच्या प्लास्टिकच्या धडात चार चमचे पाणी राहिलं असेल. उभी चीर गेली होती. केसाएवढी, पण वरपासून खालपर्यंत. पाणी बाहेर न येता भिंतीच्या आत झिरपत होतं.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. "फ्रीझ डॅमेज" हे दोन शब्द ऐकल्यावर पलीकडच्या माणसाचा आवाजच बदलला. ते वॉरंटीत बसत नाही. तुम्ही विंटराइझ कुठे केलं होतं? मी म्हटलं, घरी. "अच्छा." त्या "अच्छा"त सगळं आलं. कामाचे ६४० डॉलर, फळीचे वेगळे. तोट्यांचा सुटा भाग ऑनलाइन २८ डॉलरला मिळत होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मी वाद घातला की गाडी बनवणाऱ्याने तिथे पाणी उतरायला साधी वाटही ठेवली नाही. ही गाडी इंडियानातल्या एल्कहार्टला बनलेली आहे. अमेरिकेतल्या असल्या गाड्यांचं ते माहेरघर, आणि तिथेही जानेवारीत हाडं गोठवणारी थंडी असते. म्हणजे बनवणाऱ्यांना थंडी माहीत नव्हती असं नाही. फोनवरचा माणूस म्हणाला, मॅन्युअलमध्ये लिहिलंय. आहे खरं. पान शोधायला मला वीस मिनिटं लागली.

शेवटी दोन वीकेंड घालवून मीच दुरुस्त केलं. फळीचा तुकडा कापून नवीन बसवला. लिनोलियमचा रंग जुळला नाही, तो अजून डोळ्यांत खुपतो.

दुसऱ्या वर्षी ठरवलं, गुलाबीच. गॅलनचे कॅन घेताना लेबल वाचा, सगळे एक नसतात. प्रोपिलीन ग्लायकॉलवाला घ्या. स्वस्तातल्या काहींत मुख्यतः इथेनॉल असतं. त्याला वास येतो, रबराचे वायसर त्याने कोरडे पडतात. मोटारीच्या रेडिएटरचा हिरवा तर चुकूनही नाही, ते विष आहे. आईला सांगलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "नळाला थंडी वाजते म्हणून दारू पाजतोस होय रे?" त्या स्वस्त बाटलीबाबत तिचं अगदीच चूक नव्हतं.

तीन गॅलन पुरतील असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पंपाची नळी बाटलीत घातली, किचनचा गरम पाण्याचा नळ उघडला. पहिला गॅलन गेला, नळातून साधं पाणी. दुसरा गेला, तिसरा गेला, गुलाबीचा पत्ता नाही. गेला कुठे? हीटरची सहा गॅलनची रिकामी टाकी तो ढसाढसा पीत होती. बायपासच्या, म्हणजे हीटरची टाकी टाळून पाणी पुढे नेणाऱ्या, तोट्या फिरवायला मी विसरलो होतो. त्या किचनच्या कपाटामागे, एक हात जेमतेम शिरेल अशा फटीत आहेत. आत घातलेलं काढायचं कसं, म्हणून चिडून आणखी सहा गॅलन आणले आणि रेटून नेलं. नऊ गॅलन गुणिले पाच डॉलर. म्हणजे पंचेचाळीस डॉलर हीटरला पाजून मी सर्व्हिसवाल्यापेक्षा शहाणा ठरलो.

पण मग बाहेरचा शॉवर. झाकण उघडून उकिडवा बसलो, थंडीने बोटं बधिर झालेली. तोटी फिरवली. आधी थुंकल्यासारखं पाणी, मग फेस, मग गुलाबी धार. त्या धारेकडे मी किती वेळ बघत बसलो होतो ते सांगायला लाज वाटते. कॉम्प्रेसरने हे कधीच कळलं नसतं. हवा आली म्हणजे पाणी संपलं असं नसतं. हवा पाण्याच्या वरून निघून जाते, खोलगटात पाणी बसून राहतं. गुलाबी जिथे पोचलं तिथे ते डोळ्यांना दिसतं.

इथवर तीन स्टार झाले होते. जानेवारीत गाडी बघायला गेलो तर सिंकखाली ठेवलेली उरलेली अर्धी बाटली चुरा बर्फाने भरलेली. चौपाटीवरचा गुलाबी गोळा, नुसती काडी खोचायची बाकी. माझे हातपाय गळाले. लेबलवर तर उणे ५० फॅरनहाइट लिहिलंय! त्या दिवशी हा रिव्ह्यू एका स्टारने सुरू केला होता. दुकानात भांडायलाही गेलो. काउंटरवरच्या पोरीने शांतपणे लेबलवरचे बारीक अक्षर दाखवले: "बर्स्ट प्रोटेक्शन". उणे ५० हा गोठायचा आकडा नाही, पाइप फुटण्यापासूनच्या संरक्षणाचा आहे. मिश्रण उणे दहा सेल्सिअसच्या आसपासच मऊसर रबडी होतं, पण घट्ट ठोकळा होऊन पाइपला आतून दाबत नाही. हा आकडा लेबलवर मोठ्या अक्षरात लिहायला काय हरकत होती, हे मला अजून कळलेलं नाही. तरी एप्रिलमध्ये पंप चालू केला, तो थांबला आणि थांबलेलाच राहिला. मी घड्याळ लावून दहा मिनिटं ऐकत होतो. घर्रर्र नाही.

बाकी फुटकळ. बॅटऱ्या काढून घरी आणा. पूर्ण चार्ज असलेली लेड-अॅसिड बॅटरी आपल्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेली उणे सातलाच गोठते, आणि गॅस डिटेक्टर गुपचूप ती उतरवत असतो. लिथियम असेल तर शून्याखाली चार्जिंगला लावू नका. काच धुवायचं उन्हाळी निळं पाणीही बदला, माझं गोठलं होतं. तीनशे डॉलरचं कव्हर घेतलं होतं, फेब्रुवारीच्या वाऱ्याने कोपऱ्यांत चिंध्या केल्या. त्यावर वेगळं लिहीन, इथे नको, रक्तदाब वाढतो. वसंतात गुलाबी धुवायला दोन टाक्या पाणी लागतं, फेस संपता संपत नाही. मग टाकीतल्या १५ गॅलन पाण्याला पाव कप ब्लीच घालून रात्रभर ठेवा आणि सकाळी ते सोडून साध्या पाण्याने सगळं धुवा, नाहीतर पहिल्या चहाला औषधाची चव येते.

तर गुलाबीला चार स्टार. पाचवा हीटरने प्यायला, त्यात त्याचा दोष नाही, पण डॉलर माझेच गेले. कॉम्प्रेसरलाही मी घालवलेलं नाही. या ऑक्टोबरात आधी हवा, मग बायपास, मग गुलाबी. दोन गॅलनमध्ये होईल असा हिशेब आहे.

बाहेरच्या शॉवरला शून्य. गेल्या महिन्यात तो उपटून काढला, पाइप मागे फाट्यापर्यंत कापले आणि दोन पितळी टोप्या बसवल्या. सहा डॉलर. बायको म्हणाली, "आता कुत्र्याचे पाय कुठे धुणार?" आमच्याकडे कुत्रा नाही. झाकण मात्र तसंच ठेवलंय, आत सुट्या फ्यूजची डबी छान मावते.