आठ महिने स्टॅन गेट्झ: काय टिकलं, काय विटलं

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ या जॅझ अल्बमची नव्याने छापलेली तबकडी मागवली. खोक्यातून काढली, पुसली, सुई टेकवली आणि पहिल्याच गाण्यावर टक्, टक्, टक्. चांगला बोटभर ओरखडा होता. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर ‘सील फोडलंत, आता बदलून मिळणार नाही’ म्हणून त्याने हात वर केले. ते पहिलं गाणं म्हणजे ‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’. ज्याच्यासाठी लोक ही तबकडी घेतात, नेमकं तेच. दोन दिवस चडफडत होते. आता आठ महिन्यांनी वाटतं, बरंच झालं. त्या ओरखड्यामुळे मी दुसऱ्या बाजूने ऐकायला लागले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टॅन गेट्झ हा अमेरिकन टेनर सॅक्सोफोनवाला, जन्म 1927, फिलाडेल्फिया. विशीत वूडी हर्मनच्या बँडमध्ये नाव झालं, पण हेरॉइनचं व्यसनही होतं. 1954 मध्ये सिअॅटलच्या एका औषधांच्या दुकानात जबरदस्तीने मॉर्फिन मिळवायला गेला आणि तुरुंगात पोचला. पुढे काही वर्षं डेन्मार्कमध्ये काढली. 1961 मध्ये परतला तेव्हा अमेरिकेत जॅझचा रोख बदलला होता, जॉन कोल्ट्रेन या दुसऱ्या सॅक्सोफोनवाल्याचा जमाना सुरू झाला होता. अशा वेळी गिटारवादक चार्ली बर्ड दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावरून ब्राझीलची ‘बॉसा नोव्हा’ म्हणतात ती नवी गाणी कानात घेऊन आला. फेब्रुवारी 1962 मध्ये वॉशिंग्टनच्या एका चर्चच्या सभागृहात दोघांनी काही तासांत ‘जॅझ सांबा’ ध्वनिमुद्रित केली. पुढच्या वर्षी ती अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

‘जॅझ सांबा’ मी फोनवर ऐकते, ठाणे ते सीएसएमटी. त्यात एक गंमत झाली. ऑक्टोबरात डाव्या कानाचा इयरफोन मेला आणि अर्धं वाद्यवृंदच गायब झालं! त्या काळचं स्टिरिओ असं होतं की सॅक्सोफोन एका कानात, गिटार दुसऱ्यात, मध्ये सगळं मोकळं. नवे इयरफोन येईपर्यंत आठवडाभर एकच बाजू ऐकली, एकदा ही, एकदा ती. तेव्हा जे कळलं ते दोन्ही कानांनी कळलं नव्हतं. गेट्झ सूर लावायच्या आधी हवा ऐकू येते. पेटीच्या भात्यातून गळती व्हावी तशी, फुस्स करून, आणि मग त्या हवेतूनच सूर वर येतो. बारीक आवाजात वाजवताना तर निम्मा श्वास आणि निम्मा सूर. हे वाद्य कर्कश असतं अशी माझी समजूत होती. लग्नाच्या बँडवाल्यांची कृपा, दुसरं काय.

याच तबकडीवर ‘सांबा दि उमा नोता सो’ आहे, म्हणजे ‘एकाच स्वराचा सांबा’ (सांबा हा ब्राझीलचा नाचाचा ठेका). हे महिनाभर डोक्यात राहिलं. आपल्याकडे तंबोरा खाली स्थिर आणि गाणारा वर हिंडतो. इथे उलटा कारभार. चाल एकाच सुरावर बसून राहते आणि खालची जमीन सरकते. सूर तोच, पण खालचा गिटारचा मेळ (एकत्र वाजणारे सूर, म्हणजे कॉर्ड) बदलला की तोच सूर आधी शांत वाटतो, मग अडकलेला, मग एकदम सुटलेला. लहानपणी शिकलेली पेटी काढून करून पाहिलं. एक पट्टी दाबून धरली, डावीकडे मेळ बदलत गेले. होतं खरंच तसं. बिऱ्हाडकरू तोच, घरं बदलतात.

तक्रार इतकीच की ‘जॅझ सांबा’चे ढोलवाले अमेरिकन आहेत आणि ते जाणवतं. ठेका बरोबर आहे, पण जरा जड पावलांचा. ‘गेट्झ/जिल्बेर्तो’वर ब्राझीलचा ढोलवाला मिल्टन बनाना आला की फरक कळतो. आणि मुख्य म्हणजे ब्राझीलचा गायक जुआंव जिल्बेर्तो, त्याची गिटार. (गोव्याच्या बाजूचे लोक हे नाव सहज म्हणतील, सांजांवचा सण आपलाच.) अंगठा खालच्या तारांवर सांबातल्या मोठ्या ढोलाचं काम करतो, बाकीची बोटं आडव्या ठेक्यावर मेळ टाकतात, आणि गळा दोघांच्या जरा मागेपुढे. आवाज एवढा लहान, की शेजारच्या खोलीतलं बाळ उठू नये म्हणून गातोय असं वाटावं. हे मार्च 1963 मध्ये, दोन दिवसांत, न्यू यॉर्कमध्ये झालं. पियानोवर खुद्द आंतोनिओ कार्लोस जोबीं, यातल्या बहुतेक चाली रचणारा.

आता दुसरी बाजू. पहिलंच गाणं ‘कोर्कोवादो’. डिसेंबरात आई सावंतवाडीहून आली होती. स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, इकडे जुआंव पोर्तुगीजमध्ये गात होता. मध्येच विळी थांबली. ‘ह्यो जनेल म्हणालो मां गो?’ मी सुई मागे नेली. खरंच, झानेला. खिडकी. आजीच्या तोंडचा ‘जनेल’ रिओच्या गाण्यात बसला होता. एकाच दर्यावर्दी लोकांनी तिकडेही नेलेला शब्द, इकडेही टाकलेला. त्यानंतर आईने मुक्काम संपेपर्यंत ते गाणं रोज लावायला लावलं. शब्द बाकी एकही कळत नव्हता.

अॅस्ट्रुड जिल्बेर्तोबद्दल एक सांगायलाच हवं. ती तेव्हा जुआंवची बायको, तेवीस वर्षंही पूर्ण नव्हती, व्यावसायिक गायिका नव्हती. इंग्रजी ओळी तिने म्हटल्या. रेडिओसाठी ‘इपानेमा’ कापून छोटं केलं तेव्हा जुआंवचा आवाजच काढून टाकला, तिचा ठेवला, आणि जगाने तिच्या आवाजासाठी ते घेतलं. तबकडीच्या मुखपृष्ठावर मात्र गेट्झ, जिल्बेर्तो म्हणजे जुआंव, आणि जोबीं. तिचं नाव नाही. 1965 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसह चार ग्रॅमी मिळाले. मुखपृष्ठ हातात घेतलं की दर वेळी हे खटकतं.

विटलं काय? ‘बिग बँड बॉसा नोव्हा’. चौथ्यांदा ऐकताना मी भांडी घासायला उठले. पितळी वाद्यांचा ताफा आला की गेट्झचा श्वास त्यात बुडतो, मग उरतं काय? ब्राझीलचा गिटारवादक लुईस बॉन्फा याच्याबरोबरची तबकडी चांगली आहे, रविवारी दुपारी चालते. आणि ‘इपानेमा’ म्हणाल तर फोनवर ऐकून तेही विटलं. लिफ्ट, हॉटेल, फोन होल्डवर ठेवल्यावर, सगळीकडे तेच.

एक गैरसमज दूर झाला. मला वाटायचं, ब्राझील म्हणजेच याची कारकीर्द. पण बॉसा नोव्हाच्या गाजलेल्या तबकड्या जेमतेम 1962 ते 64 एवढ्या काळातल्या. पैसा आणि नाव त्यांनी दिलं, वाजवणं त्याआधी आणि नंतर कितीतरी. जुआंवबरोबर 1976 मध्ये पुन्हा एक तबकडी आली, तिची मात्र हवा झाली नाही. जानेवारीत ‘पीपल टाइम’ लावली. मार्च 1991, कोपनहेगन, सोबत फक्त केनी बॅरनचा पियानो. गेट्झला यकृताचा कर्करोग होता, जूनमध्ये तो गेला. तिथे ब्राझील नावालाही नाही. पण तीच हवा आहे, आता अधिक तुटक, ओळीच्या शेवटी कमी पडणारी. दोनदाच ऐकली. रात्री लावत नाही.

घेणार असाल तर ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ची तबकडी घ्या, ‘जॅझ सांबा’ फोनवर चालेल, पण दोन्ही इयरफोन धड असू द्या. आणि तबकडी ऑनलाइन मागवलीत तर सील फोडताना व्हिडिओ काढा.