खरेदीदार माझ्याकडूनच पैसे घेऊन गेला

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या एका मैत्रिणीने मला फोनवर आलेला एक निरोप दाखवला. तीही माझ्यासारखीच लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. निरोप वाचताना माझे हात गार पडले. शब्द ओळखीचे होते, अगदी अशाच निरोपाने एका खोट्या खरेदीदाराने मला फसवलं होतं. त्याच्या मुलीचं नाव तेवढं बदललं होतं. आजवर हे सगळं मी घरच्यांपुरतं ठेवलं होतं, पण आता लिहायलाच हवं.

मी सावंतवाडीजवळच्या गावात राहते. दोन वर्षांपूर्वी एका अद्भुत गोष्टीच्या पुस्तकासाठी चौदा जोडपानी चित्रं केली. गावातली एक मुलगी रात्री देवराईत शिरते, तिथला राखणदार तिला वाट दाखवतो, एक बेडूक नावेतून तळं पार करून देतो, धनेशाच्या ढोलीत हरवलेल्या आवाजांची पेटी सापडते, अशी ती गोष्ट. सगळं काम हाताचं, 300 जीएसएमच्या जाड सुती कागदावर, जलरंग आणि बोरूच्या रेषा. काजव्यांच्या रात्रीचं चित्र एकटंच एकवीस दिवस चाललं. काजव्यांच्या जागा आधी मास्किंग फ्लुइडने, म्हणजे वाळल्यावर रबर होणाऱ्या द्रवाने झाकल्या, वर इंडिगो आणि सेपियाचे सात-आठ वॉश, म्हणजे पातळ रंगाचे हात दिले, प्रत्येक वॉश पूर्ण वाळू दिला आणि शेवटी ते रबर बोटाने हलकेच सोलून काढलं. खालून कोरा कागद चमकला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि मी एकटीच रडले होते. हे सगळं मी इन्स्टाग्रामवर चित्राखाली लिहिलं होतं. बेडकाच्या अंगावरचं इरलं माझ्या आजोबांचं आहे, पावसात लावणीला जाताना ते तसंच इरलं घेत, हेही लिहिलं होतं.

पुस्तक निघाल्यावर मूळ चित्रं करारानुसार माझ्याकडे परत आली. त्यातली काही विकायची ठरवली. एका चित्राचे बारा हजार. आमच्याकडे मुलांच्या पुस्तकातलं मूळ चित्र विकत घेणारे थोडेच, त्यामुळे पाच महिन्यांत एकच गेलं होतं.

आणि मग त्याचा निरोप आला. इंग्लंडमध्ये स्लावला राहतो, मूळचा साताऱ्याचा, मुलगी सहा वर्षांची. मराठीत लिहिलेलं, शुद्ध, 'ताई' म्हणून. "त्या बेडकाचं इरलं बघून मला माझे आजोबा आठवले. काजव्यांच्या चित्रात तुम्ही कागदाचाच उजेड वापरला आहे, हे किती जणांना कळत असेल?" माझ्या कामाकडे इतकं बारकाईने कुणी पाहिलंय असं मला पहिल्यांदाच वाटलं. तो दिवसभर मी तरंगत होते. पुढे सगळं घडून गेल्यावर मी त्याचे निरोप आणि माझ्या जुन्या ओळी शेजारी शेजारी ठेवल्या. त्याने लिहिलेला एकही विचार त्याचा नव्हता. मी लिहिलेलंच उलटसुलट करून मला परत दिलं होतं.

त्याला पाच चित्रं हवी होती, मुलीच्या खोलीत लावायला. साठ हजार रुपये. घासाघीस नाही. चित्राचं माप विचारलं नाही, कागद विचारला नाही, फ्रेम करायची तर कडेला किती पांढरं सोडलंय ते विचारलं नाही. तेव्हा मला तो दिलदारपणा वाटला. आता वाटतं, भिंतीवर लावायला चित्र घेणारा माणूस माप विचारल्याशिवाय राहतो कसा?

दुसऱ्या दिवशी बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं आणि एका मोठ्या ब्रिटिश बँकेच्या नावाने मेल आला. वर बोधचिन्ह, खाली पीडीएफ. माझ्या नावावर 75 हजार पाठवल्याची नोंद. मी विचारलं, पंधरा हजार जास्त का? तो म्हणाला, "ताई, ते आमच्या शिपिंग एजंटचे. तो मुंबईचा आहे, चित्रं तोच घरी येऊन नेईल. त्याला तुम्ही द्या, ते तुमच्या रकमेत आलेलेच आहेत." मेलमध्येही लिहिलं होतं की एजंटची पावती मिळाली की रक्कम खात्यात मोकळी होईल. म्हणजे खात्यात काहीच नव्हतं, फक्त येणार असल्याचा कागद होता. मी एका माणसाच्या नावाच्या यूपीआयवर पंधरा हजार पाठवले. कंपनीचं नाव नव्हतं, हे दिसलं होतं. लहान एजंट असेल, असं मीच स्वतःला समजावलं.

तीन दिवसांनी दुसरा मेल. माझं खातं वैयक्तिक, मर्यादा ओलांडली, चलनबदलाचे 12,600 भरा, ते परत मिळतील. तो स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर हळहळत होता, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास." भरले. मग तिसरा, आणि हा मला आजही सगळ्यात जास्त सलतो. चित्रं देशाबाहेर न्यायची तर पुरातन वस्तू नसल्याचा दाखला लागतो, त्याचे 14,500. सोबत 1972 च्या पुरातन वस्तू कायद्याचा हवाला. कायदा खरा आहे. पण त्यात साधारण शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू येतात, आणि माझ्या चित्रांवर माझ्याच हातची दोन वर्षांपूर्वीची तारीख आहे. खऱ्या कायद्याचं नाव पाहून मी दबले. एकदा शांतपणे वाचलं असतं तर तिथेच थांबले असते.

नऊ दिवसांत 42,100 रुपये गेले. चौथ्या वेळी विम्याचे 22 हजार मागितले. माझ्याकडे तेवढे नव्हते म्हणून वहिनीकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि इतकंच विचारलं, "अगं, विकतेयस तू, मग पैसे तूच का देतेयस?"

मी तिच्या ओटीवर बसूनच राहिले.

त्याच दुपारी बँकेत गेले. तिथल्या मॅडमनी पीडीएफ पाहिली आणि विचारलं, "यूईटीआर क्रमांक कुठे आहे?" परदेशातून स्विफ्टमार्फत, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोप-यंत्रणेतून, पैसे निघाले की त्या व्यवहाराला 36 अक्षरांचा एक क्रमांक मिळतो, त्यावरून आपली बँक पैसे कुठवर आले ते शोधू शकते. माझ्या कागदावर तसा क्रमांकच नव्हता. त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली. परदेशातून रक्कम आली की बँक ती कशाबद्दल आली हे विचारते, चलन बदलते आणि जे काही शुल्क, कर असेल ते त्या रकमेतून किंवा आपल्या खात्यातून वळतं करते. कुणा तिसऱ्या माणसाच्या यूपीआयवर भरायला कुठलीही बँक सांगत नाही. मेल पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून त्यांनी खरा पत्ता उघडून दाखवला. नाव बँकेचं, पत्ता फुकट मिळणाऱ्या साध्या मेलचा. फोनवर फक्त नाव दिसतं, म्हणून नऊ दिवस माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

त्यांच्या टेबलावरूनच 1930 ला फोन लावला. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक. व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम विचारतात, म्हणून ते समोर घेऊनच फोन करा. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर सविस्तर तक्रार नोंदवली. तक्रार गेली की ज्या खात्यात पैसे गेले तिथे शिल्लक असेल तेवढी रक्कम गोठवता येते. म्हणून इथे एकेक तास मोलाचा. माझा शेवटचा व्यवहार दोन दिवसांपूर्वीचा, पहिला नऊ दिवसांपूर्वीचा. पहिली दोन खाती रिकामी होती. तिसऱ्यात 8,300 सापडले, ते गोठवले आहेत. खातं एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचं निघालं, त्याने ते महिन्याच्या भाड्याने दुसऱ्याला वापरायला दिलं होतं.

मला आशा होती की बँक भरपाई देईल, कारण रिझर्व्ह बँकेचा 2017 चा तसा नियम आहे असं ऐकलं होतं. तो होता, पण आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. मी स्वतः पिन टाकून पैसे पाठवले होते. ओरोसला पोलिसांकडे लेखी तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेचं 318 वं कलम आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 ड अशी फसवणुकीची दोन कलमं लागली. तिथल्या हवालदारांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "ताई, लाज वाटून घेऊ नका, लोक येत नाहीत म्हणून हे वाढतंय." ते वाक्य मला फार आधाराचं झालं.

यातून सावरते तोच दुसरा फोन. चित्रकारांच्या एका ग्रुपवर मी थोडक्यात लिहिलं होतं, ते वाचून 'सायबर तज्ज्ञ' म्हणवणाऱ्या एकाने पैसे परत मिळवून देण्याची हमी दिली, आगाऊ फक्त पाच हजार. एकदा फसलेल्या माणसाला पैसे परत मिळण्याची किती आस लागलेली असते हे अशा भामट्यांना पक्कं ठाऊक असतं. 1930 वर तक्रार करायला एक रुपयाही लागत नाही.

एजंटची तर मला गरजच नव्हती, हे पुढे टपाल खात्यात कळलं. लहान गावांतूनही परदेशी माल पाठवता यावा म्हणून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रं काढली आहेत. हाताने काढलेलं चित्र सीमाशुल्काच्या यादीतल्या 97 व्या, म्हणजे कलाकृतींच्या प्रकरणात मोडतं, फॉर्मवर चित्राचं वर्णन आणि खरी किंमत लिहायची असते. खर्चाचा आकडा खिडकीवरच सांगतात. आता कुणी परदेशातून विचारलं तर मी तोच आकडा किमतीत धरते आणि पार्सल माझ्याच हाताने टाकते. खात्यात रक्कम जमा झाल्याचं बँकेतून कळेपर्यंत चित्र कपाटाबाहेर काढत नाही.

खरा खरेदीदार कसा असतो ते मला या जानेवारीत कळलं. नाशिकच्या एका डॉक्टरबाईंनी बेडकाचं चित्र घेतलं. घेण्याआधी प्रश्नच प्रश्न. माप किती? रंग उडतात का? मी सांगितलं की कमळातल्या झगझगीत गुलाबीत ऑपेरा रंग आहे, तो उन्हात फिका पडतो, खिडकीसमोर लावू नका. पुस्तकासाठी स्कॅन झालंय का? मागे सही आहे का? दिवसाच्या उजेडात, कोपऱ्याकडून काढलेला फोटो पाठवाल का? आणि शेवटी, "आम्ही हे चित्र दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर छापलं तर चालेल का?" या प्रश्नासाठी मी त्यांची ऋणी आहे. मूळ चित्र विकलं म्हणजे छापण्याचा हक्क विकला असं होत नाही, आणि तो हक्क माझा आहे की प्रकाशकाचा हे पाहायला मी करार पुन्हा काढला.

इथे थोडं विषयांतर करते, कारण मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणाऱ्या कित्येकांना हे माहीत नसतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 17 वाचा. पैसे देऊन कुणी चित्र काढवून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक काढवून घेणारा ठरतो. माझ्या करारात हक्क माझ्याकडे राहील आणि मूळ चित्रं मला परत मिळतील, अशा दोन ओळी होत्या, म्हणून मी निभावले. माझ्या ओळखीतल्या तिघींच्या हातात कागदच नाही, नुसत्या तोंडी बोलण्यावर काम चालतं. पहिला ब्रश कागदाला लावण्याआधी या दोन ओळी लिहून घ्या.

चित्रं दाखवणं मी थांबवलेलं नाही. फक्त मोठं स्कॅन कुणालाही पाठवत नाही. लांब बाजूला हजार-बाराशे पिक्सेलपर्यंतचंच चित्र टाकते आणि सही अशा जागी घेते की ती कापली तर चित्र मोडेल. आजोबांच्या इरल्याबद्दल मात्र मी अजूनही लिहिते. तेही बंद केलं तर मग काय उरलं?

आणि आता तो निरोप. मैत्रिणीच्या परवानगीने, जसा आला तसा देते, म्हणजे कुणाला असाच आला तर ओळखता येईल: "नमस्कार ताई. मी स्लावला असतो, मूळचा साताऱ्याचा. तुमच्या ढगांच्या म्हाताऱ्या पाहून मला माझी आजी आठवली. आमची ईरा सहा वर्षांची आहे, तिच्या खोलीसाठी पाच मूळ चित्रं हवी आहेत. किमतीचं काही नाही. आमचा शिपिंग एजंट मुंबईतच असतो."

मैत्रिणीने त्याला चित्राचं माप विचारलं. मग खात्यात पैसे आले की मीच टपालाने पाठवते, असं कळवलं. त्यानंतर त्याचं उत्तर आलेलं नाही.