गाड्यांचा आवाज नको असेल तर: भीमाशंकर, ब्रह्मगिरी की नर्मदाकाठ?

पायी देवाला जायचं आहे, पण कानाशी ट्रकचे हॉर्न नकोत, ही अडचण आता बऱ्याच जणांची आहे. आळंदी-पंढरपूरचा पालखी मार्ग बराचसा चौपदरी झाला. दिंडीत टाळ-मृदंगाच्या नादात डांबर जाणवत नाही. एरवी एकट्यादुकट्याने तिथून चालणं जिवावर येतं. म्हणून एका दिवसात होणाऱ्या तीन वाटांचा विचार करू.

रस्त्यापासून खरी सुटका होते ती खांडसहून भीमाशंकरला चढताना. कर्जत किंवा नेरळला उतरून खांडस गाठायचं. गावापुढे वाटा फुटतात: एक शिडी घाटाची, दुसरी गणेश घाटाची. शिडी घाट जवळचा, तीन-चार तासांत वर पोहोचवतो, पण कातळाला टेकवलेल्या लोखंडी शिड्या चढाव्या लागतात आणि पावसाळ्यात त्या निसरड्या होतात. एक शिडी तर पाय ठेवला की कण्हते. सराव नसेल तर त्या वाटेला जाऊच नये. गणेश घाट लांबचा, पाच-सहा तास धरा, पण घरातल्या पन्नाशीच्या माणसालाही दमानं जमतो. सुरुवातीला गणपतीचं देऊळ लागतं, मग डोंगराला वळसा घालत वाट पदरावर, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर येते. इथे दोन्ही वाटा एकत्र होतात. तिथल्या झापात, म्हणजे झोपडीत बसून लिंबू सरबत प्यावं आणि मनाची तयारी करावी, कारण खरा दम काढणारा चढ याच्या पुढे आहे. एकूण चढ आठशे मीटरहून जास्त. वर जंगल दाट होतं, नशीब असेल तर शेकरू फांदीवरून फांदीवर झेप घेताना दिसतो. देवळापाशी पोहोचलात की मात्र प्रसादाची दुकानं, पार्किंग, सगळं परत येतं. परतीला घाट उतरायची गरज नाही, पुण्याकडे एसटी मिळते.

त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरी फेरी चढाच्या दृष्टीने सोपी. लहान फेरी साधारण वीस किलोमीटर, मोठी चाळीसच्या आसपास. कुशावर्त कुंडात स्नान करून निघायचं, डोंगर उजव्या हाताला ठेवायचा. बरेच जण अनवाणी चालतात. गोम अशी की वाटेचा काही भाग डांबरीच आहे, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पहिन्याकडच्या धबधब्यांना जाणाऱ्या गाड्या तिथे रांगेने उभ्या असतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी तर माणसांचा पूर येतो. भक्तीचा सोहळा म्हणून तो दिवस एकदा अनुभवावा, पण शांतता शोधायला त्या दिवशी जाऊ नका. मला विचाराल तर कार्तिकातला एखादा मंगळवार-बुधवार. त्यातही 2026-28 चा सिंहस्थ कुंभमेळा लक्षात घ्या, त्या काळात त्र्यंबकला गर्दी असणारच.

तिसरी वाट गुजरातेतली, पण तिथे मराठी बोलणं पावलोपावली कानावर पडतं: तिलकवाडा-रामपुराची उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमा, म्हणजे नदी उत्तरेकडे वाहते तेवढ्याच टप्प्याची प्रदक्षिणा. अंतर वीसेक किलोमीटर, चढ जवळजवळ नाही, मधे नदी ओलांडायची. ती चैत्रातच करतात, त्यामुळे ऊन आणि गर्दी दोन्ही सोसावी लागतात. लोक पहाटे तीन-चारलाच निघतात. गुडघे दुखत असतील आणि सोबत हवी असेल तर हीच बरी. एकांत मात्र मिळणार नाही.

माझा कौल गणेश घाटाला, आणि तोही डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा ओढे आटलेले असतात, म्हणून माणशी तीन लिटर पाणी घ्या. खांडसहून सकाळी सातच्या आत निघा. महाशिवरात्रीचा आठवडा टाळा, तेव्हा याच वाटेने जत्रा चढत असते.