बलुतेदारी का मोडली: दफ्तरात शोधावं की माणसांकडे?

गावातला सामाजिक बदल हा प्रबंधाचा विषय घेतला की लवकरच पेच पडतो: वर्ष रेकॉर्ड रूममध्ये काढायचं की वस्त्यांवर मुलाखती घेत? मी दोन्ही केलं, आधी दफ्तर आणि मग मुलाखती. प्रश्न होता, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या एका गावात बलुतं, म्हणजे गावच्या कामाबदल्यात सुगीला मिळणारा धान्याचा वाटा, कशामुळे बंद झालं.

दफ्तराची बाजू भक्कम आहे. 1874 चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा, त्यात दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडलेलं विधेयक आणि शेवटी कनिष्ठ गाव वतनं, म्हणजे गावकामगारांचे वंशपरंपरागत हक्क, रद्द करणारा 1958 चा कायदा, ही साखळी कागदाशिवाय जुळत नाही. वतनाची जमीन पुढे नव्या शर्तीवर (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) कोणाच्या नावाला लागली, हेही फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींतच सापडतं. त्या बाबतीत आठवणीवर विसंबू नका. जमिनीचा विषय निघाला की माणूस जपून बोलतो. आणि तुमचा काळ पेशवाईचा असेल तर निवड करायचीच नाही. मोडी शिका आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात बसा.

माझं अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. धूळ, 'साहेब रजेवर आहेत', तिसऱ्या खेपेला हाती आलेला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, हे सगळं मी सोसलं. सोसवेना ते एकच: प्रत्येक कागदाला आपल्या खात्यापुरतंच कारण ठाऊक असतं. महसुलाच्या फायलीत बलुतं कायद्याने संपतं. दुष्काळी कामांच्या कागदांत रोजची हजेरी आणि मजुरी दिसते, बलुत्याचा शब्दही नाही. मुंबईच्या गिरण्यांकडे गेलेल्या माणसांचा माग लागलाच तर तिसऱ्याच ठिकाणी. एकाच घरात ही कारणं कशी एकत्र आली, हे कोणत्याच रुमालात बांधलेलं नसतं. आठ महिने घालवून मी कायदा हेच मुख्य कारण धरून प्रकरण लिहिलं आणि ते माझं मलाच पटेना.

मग बौद्ध वस्तीतल्या एका आजींकडे गेलो. त्यांच्या घरचं बलुतं कधी थांबलं, असं विचारलं. म्हणाल्या, "मिलो खाल्ली त्या सालापर्यंत सासूबाई जायच्या." मिलो ही तेव्हा खावी लागलेली परदेशी लाल ज्वारी, म्हणजे साल 1972 च्या दुष्काळाचं. कायदा होऊन तोवर चौदा वर्षं झाली होती! त्यांच्या शेजारच्या घरात मात्र 1956 मध्येच थांबलं होतं. गिरणीत असलेला थोरला मुलगा नागपूरच्या दीक्षेनंतर गावी आला आणि यापुढे मेलेलं ढोर ओढायचं नाही, असं त्याने घरात सांगितलं. धर्मांतर दोन्ही घरांनी केलं होतं. फरक मनिऑर्डरीचा होता. आजींच्या घरी मुंबईचा पैसा येत नव्हता. खडी फोडण्याच्या कामावर रोख मजुरी हातात पडली तेव्हा कुठे त्यांना तेच पाऊल टाकता आलं, सोळा वर्षांनी. या एका दुपारने माझं आख्खं प्रकरण मोडलं आणि मला त्याचा आजही आनंद वाटतो.

चांभारवाड्यात तर कायद्याचं नावही निघालं नाही. विहिरीवर इंजिन बसलं, मोट बंद पडली, मग मोट शिवणाऱ्याला खळ्यावर कोण बोलावणार?

मुलाखतींचा त्रासही कमी नाही. तासाभराचं ध्वनिमुद्रण उतरवून काढायला माझा अख्खा दिवस जायचा. वर्षं पुढेमागे होतात. त्यासाठी कोयनेचा भूकंप आणि दुष्काळ हे दोन खुंट मी मनात पक्के रोवले होते. "हे भूकंपाच्या आधी की नंतर?" असं विचारलं की बहुतेकांना नेमकं सांगता यायचं. पहिल्या भेटीत हातातली वही बघून लोक सरकारी उत्तर देतात, "कायदा आला ना." खरं बोलणं मला दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच मिळालं. देणाऱ्यांच्या घरीही जावं लागतं. पाटलांच्या वाड्यावर तीच गोष्ट "त्यांनीच यायचं सोडलं" अशी सांगितली गेली, आणि या वाक्यात कोणाला काय खुपलं होतं ते फायलीतून मला कधीच कळलं नसतं.

तुमचा विषय, तुमचे मार्गदर्शक, हाताशी असलेला वेळ वेगळा असेल. माझा अनुभव एका गावाचा आहे. तरी कोणी विचारलं तर मी सांगतो, वस्तीपासून सुरुवात करा आणि तिथे ऐकलेलं पडताळायला फेरफार काढा. दुष्काळात विशीत असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना "बदल का झाला?" असं विचारू नका. "शेवटचं बलुतं कोणत्या सुगीला आणलं, आणि पुढच्या सुगीला कोण नको म्हणालं?" असं विचारा, आणि मग थांबा, त्यांना आठवू द्या.