जुनी टर्बो गाडी हातात आली: आधी रीमॅप की आधी दुरुस्ती?

सेकंडहँड स्कोडा लॉरा १.८ टीएसआय किंवा फियाट लिनिया टी-जेट घ्यायची आणि लगेच स्टेज वन रीमॅप (सुटे भाग न बदलता इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं, सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून टाकायचा, असा बेत बऱ्याच जणांचा असतो. लॉराचं इंजिन कंपनीकडून १६० पीएस ताकद आणि २५० एनएम टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) देतं. नुसतं सॉफ्टवेअर बदलून ते दोनशे पीएसच्या पुढे नेता येतं. मग असे रीमॅप करणाऱ्या नावाजलेल्या ट्यूनरला फोन लावावा, तर तो काही उत्साह दाखवत नाही. आधी लॉग (गाडी चालताना ईसीयूकडून नोंदवलेले आकडे) पाठवा, कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो का, याची तपासणी) करून या म्हणतो, कधी सरळ नाहीच म्हणतो. दुसरीकडे कुणीतरी लॅपटॉप घेऊन घरी येऊन तासाभरात काम करून द्यायला तयार असतो, तेही बऱ्याच कमी पैशांत. या दोघांतून एक निवडायचा असेल, तर नाही म्हणणाऱ्याचं आधी नीट ऐकून घ्या, असं माझं ठाम मत आहे.

कंपनी प्रत्येक इंजिनात थोडी ताकद राखून ठेवते. हलकं पेट्रोल, मे महिन्यातला खंडाळ्याचा चढ, लांबलेली सर्व्हिसिंग, या सगळ्यासाठी ती राखीव असते. रीमॅपमध्ये ट्यूनर हीच राखीव ताकद बाहेर काढतो. नव्या गाडीत ती शाबूत असते. बारा-चौदा वर्षांच्या गाडीत झिजेने ती आधीच खाल्लेली असते, आणि ईसीयू ते झाकून ठेवतो. कुठून हवा शिरली की तो पेट्रोलचं प्रमाण सावरतो, नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) जाणवलं की ठिणगी उशिरा देतो, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी पडला की टर्बोला जास्त पळवतो. चालवणाऱ्याला एवढंच कळतं, की पूर्वीसारखा पिकअप राहिला नाही. त्यावर रीमॅप करणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

लॉराचंच उदाहरण घेऊ. या इंजिनावर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली तेलाची वाफ परत इनटेकमध्ये सोडणारी झडप) असतो आणि त्यात एक रबरी पडदा असतो. वर्षानुवर्षं गरम तेलाची वाफ लागून तो फाटतो. तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. गाडी आयडलवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढून पाहा. झाकण आत ओढून धरल्यासारखं घट्ट बसलं असेल, इंजिनातून बारीक शिट्टी येत असेल आणि डिपस्टिक जराशी वर ओढताच ती थांबत असेल, तर पडदा गेला आहे. अशा गाडीत मोजणीबाहेरची हवा शिरत असते. त्यावर बूस्ट वाढवला तर ट्यूनरने मांडलेलं सगळं गणितच चुकतं.

पीसीव्ही निदान स्वस्तात बदलता येतो. याच पिढीच्या इंजिनांत पिस्टन रिंगांमुळे ऑइल खाण्याची तक्रार जगभर झाली. जळणारं ऑइल नॉकिंग वाढवतं, वाढीव बूस्ट त्यात भर घालतो, आणि शेवटी मार पिस्टनला बसतो. टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या जुन्या टेन्शनरने दगा दिला तर चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. यातलं बरंचसं लॅपटॉपवर आधी दिसत नाही. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत. त्यांच्यावर कार्बन साचत राहतो, तो अक्रोडाच्या कवचाचा भुगा मारून काढावा लागतो.

लिनिया टी-जेटचं इंजिन यापेक्षा साधं आहे. त्यात चेनऐवजी बेल्ट आहे आणि पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधी फवारलं जातं, म्हणून कार्बनचा हा त्रास नाही. ११४ पीएस आणि २०७ एनएमवर ते फारसं ताणलेलंही नाही. याच १.४ टी-जेट कुटुंबातलं इंजिन २०१५ साली भारतात आलेल्या अबार्थ पुंतोत सुमारे १४५ अश्वशक्ती देत होतं. म्हणजे इंजिनाची भीती इथे कमी. पण फियाटची विक्री आपल्याकडे बंद झाली आहे, आणि रीमॅपनंतर क्लच घसरायला लागला किंवा टर्बो गेला तर गाडी सुट्या भागांची वाट पाहत गॅरेजमध्ये पडून राहू शकते. लॉरा शेंद्र्याला जोडली जायची, लिनिया रांजणगावला तयार व्हायची. दोन्ही आपल्याच मातीतल्या गाड्या, त्यामुळे त्या अशा पडून राहिलेल्या पाहिल्या की खरंच वाईट वाटतं.

२०१३नंतरच्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयमध्ये इंजिन सुधारलेलं आहे, १८० पीएसचं. तिथे अडचण गिअरबॉक्सची. सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) मर्यादा २५० एनएम आहे आणि कंपनीने टॉर्क नेमका तेवढाच ठेवला. टॉर्कच्या बाबतीत राखीव जवळपास काही उरलेलंच नाही. जास्त ताकदच हवी असेल, तर अशी गाडी रीमॅप करण्यापेक्षा ती विकून २०१७ची व्हीआरएस (ऑक्टाव्हियाचीच जास्त ताकदीची आवृत्ती) घेणं मला जास्त पटतं: २३० पीएस, ३५० एनएम, आणि ते पेलणारा सहा गिअरचा वेट क्लच (तेलात बुडालेल्या क्लचचा) डीएसजी. पैसे जास्त जातील, पण ताकद कंपनीने तपासलेली असेल.

आता ट्यूनरच्या जागी उभं राहून पाहा. गाडीवर आधीच्या मालकाने कुणाकडून तरी स्वस्तातला मॅप टाकून घेतलाय का, हे त्याला माहीत नसतं. नवं सॉफ्टवेअर टाकताना (फ्लॅश करताना) जुन्या बॅटरीचं व्होल्टेज पडलं तर ईसीयू बंद पडू शकतो. आणि रीमॅपनंतर आठवड्याभरात टर्बो गेला तर दोष त्याच्याच माथी येतो, मग टर्बोचा शाफ्ट आधीपासून का हलत असेना. खरा वेळ जातो तो लॉग वाचून बिघाड शोधण्यात, आणि त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं.

ई२० पेट्रोलचा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, मुद्दाही आहेच. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो हे खरं, पण तेवढ्याच ताकदीसाठी पंपाला आणि इंजेक्टरला जास्त इंधन द्यावं लागतं. जुना पंप मूळ मॅपवरच काठावर चालत असेल, तर रीमॅपनंतर फुल थ्रॉटलला मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. जुन्या रबरी नळ्या आणि सील ई२० डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नव्हते, तेही तपासून घ्यावे लागतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने बदलांवर मर्यादा घातल्या आहेत, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी आड येऊ शकतो. २०११ची गाडी २०२६ मध्ये १५ वर्षांची होते, म्हणजे नोंदणी वाढवायला आरटीओत फिटनेस तपासणी आलीच.

म्हणून गाडी नुकतीच घेतली असेल आणि इतिहास माहीत नसेल, तर रीमॅपचे पैसे आधी प्लग, कॉइल, पीसीव्ही, व्हॅक्यूमच्या नळ्या, कार्बनची सफाई आणि स्मोक टेस्ट (धूर सोडून हवेची गळती शोधणं) यांवर घाला. गेलेला पिकअप बऱ्याचदा इथेच परत मिळतो आणि रीमॅपची हौस तिथेच फिटते. ज्याच्याकडे ही एकच गाडी आहे आणि रोज तिनेच ऑफिसला जायचंय, त्याने इथेच थांबावं.

गाडी सुरुवातीपासून तुमच्याकडे असेल, ऑइल वेळेवर बदललेलं असेल, चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये ३ बारपेक्षा कमी फरक असेल, लॉगमध्ये मिसफायर नसेल आणि ईसीयूने मागितलेला बूस्ट प्रत्यक्षात मिळत असेल, तर मॅन्युअल लॉरावर किंवा टी-जेटवर सौम्य स्टेज वन खुशाल करा. क्लचसाठी पैसे मात्र बाजूला ठेवा. ट्यूनरला तीन गोष्टी विचारा: कामाआधी लॉग घेणार का, नंतर पुन्हा घेणार का, आणि मूळ फाइलची प्रत माझ्या हातात देणार का? तिसऱ्या प्रश्नावर जो टाळाटाळ करेल, त्याच्या हातात गाडी देऊ नका.