साउंड झकास, लेझर मात्र विचारून घ्या

खारघरच्या आमच्या सोसायटीचा वर्धापनदिन होता. ऑर्केस्ट्रा ठेवला होता, म्हणून साउंड-लाइटवाला ठरवला. नाव लिहीत नाही, कारण काम टाकाऊ नव्हतं आणि ही तऱ्हा त्याच्या एकट्याची नाही.

साउंडबद्दल बोलायलाच नको. ढोलकी गायकाच्या आवाजावर चढली नाही, माइकने एकदाही शिट्टी मारली नाही, दहाच्या ठोक्याला पोरांनी स्वतःहून बंद केलं. स्टेजवर रंग टाकणारे ‘पार’ लाइट आणि फिरत्या झोताचे ‘शार्पी’ लाइट ठीकठाक.

लेझर पॅकेजमध्ये ‘फ्री’ होता. टेस्टिंगला हिरव्या रेषा थेट पुढच्या रांगेवर, म्हणजे सतरंजीवर बसणाऱ्या बालगोपाळांच्या तोंडावर. मी मशीनच्या मागचा स्टिकर वाचला. क्लास ४. लेझरच्या धोक्याची सगळ्यात वरची पायरी, म्हणजे ५०० मिलिवॉटच्या वर. पापणी पाव सेकंदात मिटते, या भरवशावर चालणारा क्लास २ जेमतेम १ मिलिवॉटचा असतो. इथे पापणी मिटेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं, आणि डोळ्याच्या पडद्याला दुखत नसल्यामुळे पोर रडतसुद्धा नाही. २०२३च्या विसर्जन मिरवणुकांनंतर लेझरने नाशिकच्या तरुणांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. पुणे पोलिसांनी २०२४च्या गणेशोत्सवात लेझरवर बंदी घातली, ती काही हौसेने नाही.

ऑपरेटर म्हणाला, “काकू, बीम फिरता असतो, एका जागी थांबत नाही. काय नाय होत.” फिरतो खरा, आतले चिमुकले आरसे त्याला फिरवतात म्हणून. आरसा अडकला की सगळी ताकद एका ठिपक्यात. चांगल्या मशीनमध्ये अशा वेळी बीम आपोआप बंद पडायची सोय असते. ती यात आहे का, असं विचारलं तर त्याने मला ऑटो मोड आणि साउंड मोड दाखवले. साउंड मोड म्हणजे ढोलकी ठरवणार बीम कुठे जायचा ते!

मग म्हणाला, वर करतो. मोकळ्या मैदानात ते बरोबर आहे. लोक उभे असतात त्या जमिनीपासून निदान ३ मीटर वर बीम ठेवायचा, असा दंडक आहे. पण सोसायटीच्या चौकात ३ मीटरवर काय असतं? पहिल्या मजल्याची बाल्कनी, आणि तिथे खुर्ची टाकून बसलेल्या आज्या. त्याहून वर केला तर काचेच्या स्लायडिंग खिडक्या, म्हणजे तो परतून खाली येणार. आणि आकाशात मारायचा तर उलव्याचा विमानतळ इथून किती लांब आहे? राहिली पार्किंगच्या बाजूची एक कोरी भिंत. स्टेज तिरकं करून मशीन तिकडे वळवलं, ऑटो बंद, आणि त्या भिंतीपुढे दोरी बांधून वॉचमनमामांना बसवलं. धुरात रेषा तशाच छान दिसल्या. व्हिडिओ काढायला दोरीपर्यंत गेलेल्यांना मामांनी पिटाळलं, ते बरंच केलं. त्या बीमने मोबाइलच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही जळतो.

ऑपरेटर पोरगा गुणी आहे. ऐकून घेतलं, उलट बोलला नाही. पण मालकाने हातात क्लास ४चं मशीन देताना त्याला यातलं अक्षर सांगितलेलं नाही, याचा मला राग आहे.

साउंडला पाचपैकी पाच, लेझरला एक, तोही पोराच्या स्वभावासाठी. पुढच्या वर्षी साउंड यांच्याकडूनच घेऊ. लेझर वगळला तर किती कमी कराल, असं मालकाला फोनवर विचारलं. म्हणाले, “मॅडम, तो फ्रीच होता ना!”